कलम सात आणि भिकू

मुलांनो, समजा तुम्ही चौथीत आहात आणि तुमच्या घरात एक जीव लपवलेला आहे. तो घरमालकांना दिसता कामा नये. दिसणं एक वेळ टाळता येईल, पण तो रोज सकाळी सात वाजता ओरडत असेल तर? तेजस्विनीवर नेमकी तीच वेळ आली होती.

पंचवटीतल्या ढुंढिराजकाकांच्या घरात वरच्या मजल्यावर ती आईबाबांसोबत भाड्याने राहायची. काका निवृत्त हेडक्लार्क. भाडेकरार ते स्वतः लिहीत आणि त्यातल्या कलम सातचा त्यांना फार अभिमान. पहिल्या करारात तिथे फक्त 'कुत्रा व मांजर यांस मनाई' एवढंच होतं. तर पहिल्या भाडेकरूने ससा आणला. दुसऱ्या करारात ससा लिहिला, तर दुसऱ्याने कासव आणलं. येवल्याच्या एकाने तर खोक्यात रेशमाचे किडे ठेवले. असं करता करता यादी वाढत गेली. "आता या कलमातून मुंगीसुद्धा आत शिरणार नाही," असं काका सांगायचे. मुंगी खरोखरच अठराव्या क्रमांकावर होती.

आणि तेजूला वादळानंतर गच्चीत सापडलं कावळ्याचं पिल्लू! एक पंख लोंबकळत होता. गुरांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि बजावलं, "पंधरा दिवस जप. उडता यायच्या आत बाहेर सोडलंस, तर मांजर त्याला सोडणार नाही." तेजूने त्याचं नाव भिकू ठेवलं आणि त्याला न्हाणीघरात टोपलीखाली ठेवलं. आठवडाभरात भिकूला कंठ फुटला.

खाली इंदिराकाकू चमकल्या. "अहो, घरावर कावळा ओरडतोय. पाहुणे येणार!"

"कोण येणार?"

"दादा असेल माझा. तो कधी कळवून आलाय का?"

काकूंनी चार माणसांच्या सांज्याच्या पोळ्या जास्त केल्या. कुणी आलं नाही. पोळ्या काकांनी संपवल्या. दुसऱ्या दिवशी भिकू दोनदा ओरडला, तेव्हा श्रीखंड झालं. तिसऱ्या दिवशी पुरण शिजलं आणि पाहुण्यांच्या गाद्या उन्हात पडल्या. चौथ्या दिवशी काकांच्या पायजम्याची नाडी पुरेना.

"हा कावळा खोटारडा आहे," काका म्हणाले. "मी बघूनच येतो त्याला."

काठी घेऊन ते गच्चीवर गेले. कावळा नव्हता. ओरडणं मात्र पायाखालून येत होतं. काकांनी वरच्या मजल्याचं दार वाजवलं. तेजूचे बाबा दीपक नामपूरचे. घाबरले की गावच्या बोलीत शिरत.

"काहीच नही शे, काका!"

"काव!" न्हाणीघरातून आवाज आला.

"हे काय?"

"ते... पाइपात हवा शे."

"काव! काव!"

काकांनी जाऊन टोपली उचलली. भिकूने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"कलम सात!" काका गरजले. "संध्याकाळपर्यंत हा बाहेर, नाहीतर तुम्ही बाहेर!"

मागोमाग जिना चढून आलेल्या काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पाहुणे येणार म्हणून मी पुरण शिजवलं, ते या मेल्यामुळे?"

"पुरण?" तेजूने विचारलं. पण भिकूला बाहेर न्यायला बाबा टोपली उचलायला वाकले होते. ती धावत गेली आणि कपाटातून करार घेऊन आली. धडा वाचावा तसं तिने मोठ्याने वाचलं, "कुत्रा, मांजर, ससा, कासव, रेशमाचे किडे..." सगळे ऐकत उभे राहिले. "...झुरळ, गोगलगाय आणि मुंगी." तिने मान वर केली. "काका, यात कावळा नाही."

"अगं, कावळा कोण पाळतं?"

"मीही पाळला नाही. पंख बरा होईपर्यंत ठेवलाय. अजून चारच दिवस."

काकांनी कागद हिसकावला. चष्मा वर केला, खाली केला. पानाची मागची बाजूही पाहिली.

"पोरीचं मनावर घेऊ नका, काका," दीपक पुटपुटले. "भलती बोलस."

"तुम्ही थांबा हो! एकवीस वर्षांत नऊ भाडेकरू झाले. सही सगळ्यांनी केली. पूर्ण वाचला कुणी? तुम्ही वाचलात?"

दीपकनी छताकडे पाहिलं.

"हिने वाचला! पार मुंगीपर्यंत!" काकांचा आवाज चढला, पण आता तो वेगळाच चढला होता. "इंदिरा, बघ, माझा करार वाचला गं पोरीने!"

बाबांची मानही ताठ झाली. "पोरगी कुणाची शे!" ते म्हणाले.

"चार दिवस," काकांनी फर्मावलं. "पाचव्या दिवशी कावळा यादीत."

पाचव्या दिवशी पट्टी सुटली. तेजूने भिकूला गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. तो दोनदा डगमगला, मग झेपावला आणि थेट समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसला. तेजूने डोळे पुसले, काकांचं पेन मागून घेतलं आणि मुंगीच्या खाली स्वतःच 'कावळा' असं लिहिलं. ते वळणदार अक्षर काकांनी शेजारच्या तीन घरांत नेऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंच्या खिडकीबाहेर भिकू हजर. "काव!"

काकूंचा हात सवयीने डाळीच्या डब्यात गेला.

"नको गं," काका पोट सावरत म्हणाले. "कुणी येत नाही."

तेवढ्यात दार वाजलं. दारात तेजू उभी होती. केस चापूनचोपून विंचरलेले, अंगात स्नेहसंमेलनाचा फ्रॉक आणि हातात रिकामं ताट.

"काकू," ती म्हणाली, "पाहुणी आलीय."