फाल्गुन सोडून कुठेही

पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला आले होते. त्यांनी आन्याला विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?"

आन्या म्हणाला, "कुठल्या महिन्यात, सर?"

साहेब गोंधळले. आन्याने समजावून सांगितलं, "फाल्गुन असंल तर वाडीत. बाकीचे महिने तुम्ही म्हणाल तिथं."

सगळे साहेब खो खो हसले. पोरगा हजरजबाबी आहे म्हणून त्याची निवडही झाली. तो विनोद करत नव्हता, हे त्या खोलीत एकट्या आन्यालाच माहीत होतं.

अनंत मोरे, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. पोलादपूरच्या वर एसटी जिथून धापा टाकत मागे वळते, तिथून पुढे चढत गेलं की त्याची वाडी. मी महाडची, त्याच्याच वर्गातली. विद्यार्थी संघटनेची पत्रकं मी लिहिते, त्यामुळे कुणाचं कौतुक करायची मला फारशी सवय नाही. आन्याचं करते.

पहिल्या वर्षी कॉलेजात एक व्याख्याते आले होते. महाडच्या उन्हाळ्यात कोट घालून! 'शॉर्ट टर्म गोल आणि लाँग टर्म गोल ठरवा' असं सांगून, शाल-श्रीफळ घेऊन ते गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि भजी खायला पळालो. आन्याने मात्र ते मनावर घेतलं. तेव्हापासून तो जगाचे दोनच भाग करतो. वडापाव शॉर्ट टर्म. भाकरी लाँग टर्म. वर्गात कुणाचं जुळलं की हा लांबूनच निरखणार आणि मान हलवणार, "शॉर्ट टर्म हाय." आजवर त्याचा अंदाज चुकलेला नाही, हे आमच्या वर्गाचं दुर्दैव.

वसतिगृहात पाणी येईना, तेव्हा मी उपोषणाची घोषणा केली. आन्या म्हणाला, "उपोषण शॉर्ट टर्म गो. टाकीचा व्हॉल्व्ह गेलाय, तो बदलून माग." पत्रकही निघालं, व्हॉल्व्हही बदलला. पाणी कशामुळे आलं यावर आमचं अजून भांडण आहे.

बाकीची पोरं पॅकेज, पॅकेज करत फिरतात. कुणी त्यांच्या डोक्यात हे भरवलंय ते मी पत्रकात वेळोवेळी लिहिलेलंच आहे. आन्याचं गणित वेगळं. फाल्गुनात, शिमग्याला ग्रामदेवाची पालखी वाडीत घरोघरी येते, तेव्हा तो तिथं हवाच. सॉफ्टवेअर का नको? "परदेशातल्या सायबाला शिमगा कसा समजवायचा?" बोटीवरची नोकरी? "पालखी आली तर समुद्रात उडी मारू?" शेवटी त्याने मेंटेनन्स पसंत केलं, कारण कारखाना वर्षातून एकदा शटडाउनला बंद असतो, म्हणजे आपल्याला सुट्टी, असा त्याचा हिशोब.

मग एमआयडीसीत ट्रेनिंगला गेल्यावर कळलं की शटडाउनमध्ये बाकी सगळे घरी जातात आणि मेंटेनन्सवाल्यांनाच मान वर करायला फुरसत नसते. त्यातून शटडाउन नेमका मार्चमध्ये, ऐन फाल्गुनात. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आन्या आठवड्याने एका सकाळी चहा पिताना म्हणाला, "मंग मोठा सायेबच व्हायला पायजे. शटडाउनची तारीख ठरवणारा."

लोक बंगल्यासाठी साहेब होतात, गाडीसाठी होतात. शिमग्यासाठी साहेब होऊ पाहणारा इंजिनिअर मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग कंपनीचं पत्र आलं. शेवटच्या सत्राचं ट्रेनिंग, पुढे तिथेच नोकरी. हजर व्हायचा दिवस नेमका वाडीत पालखी यायचा. आन्याने फोन लावला.

"घरात लग्न आहे का?" कंपनीच्या बाईंनी विचारलं.

"नाय मॅडम. देव घरी येतो."

"देव तर रोजच घरी असतो ना!"

"आमचा वर्षातनं एकदाच येतो. मी मुलाखतीतच सांगितलं होतं."

त्यांनी गोड आवाजात सांगितलं की त्या दिवशी दुपारी एकदा फोन करू. आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ. माझं डोकं फिरलं. 'सणाची रजा भीक नव्हे, हक्क!' मथळासुद्धा तयार झाला.

"पत्रक नको गो," आन्या म्हणाला. "तू वाडीत ये. माणूस कमी पडतंय."

गेले. वाडीत निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. माणसं मुंबईला असतात; गणपतीला येतात, शिमग्याला रजा मिळत नाही. आणि बंद दारापुढं पालखी थांबत नाही, सरळ पुढं जाते. आन्याच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. सकाळपासून तो एकेक घर उघडत होता, झाडत होता, दिवा लावत होता. ढोल जवळ आला की पालखीच्या पुढं धावत जायचा आणि त्या घराचा मालक होऊन उंबऱ्यात उभा राहायचा. माझ्या हातात ओटीचं ताट दिलं. "ह्या घरची तू सून. पुढच्या घरात लेक हो."

पालखी खांद्यावर घेतलेला एक म्हातारा ओरडला, "आन्या, अजून किती घरांचा मालक हायस रं?"

"आजच्यापुरता सगळ्यांचा, आजा!"

प्रत्येक दारात तो व्हिडिओ कॉल लावायचा. "सखाराम काका, बघ. तुझ्या दारात आली." तिकडे मुंबईच्या खोलीत काका चपला काढून हात जोडायचे.

शेवटचं घर त्याचं स्वतःचं. आई नाही, वर्षं झाली. वडील मुंबईत एका इमारतीच्या गेटवर वॉचमन, त्यांचा फोन बटणांचा. तिथे चित्र दिसत नाही. आन्याने नंबर लावला. "बाबा, आली. दार उघडं हाय." आणि फोन ढोलाकडे उंच धरला. तिकडून गाड्यांचे हॉर्न, आणि कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज.

तेवढ्यात फोनवर दुसरा नंबर चमकू लागला. पुण्याचा. मी ओरडले, "आन्या, कंपनी!"

त्याने वर पाहिलं. हात खाली घेतला नाही. पालखी अंगणात नाचत होती तोवर तो तसाच उभा होता. पुण्याचा नंबर चमकून चमकून विझला.

पालखी गेल्यावर तो पायरीवर बसला. मला राहवेना. "आता लाँग टर्मचं काय रे?"

"लाँग टर्म झालं की, आत्ताच." त्याने फोन धरून आखडलेला खांदा दाबला. "नोकरी शॉर्ट टर्म हाय. उद्या बघतो."

आणि जुडगा उचलून सखाराम काकांचं दार लावायला गेला.