मुख्य शाखेतली लिफ्ट

आमच्या इमारतीची लिफ्ट एका मंगळवारी सकाळी बंद पडली आणि त्याच दुपारी दुरुस्त झाली. तेव्हापासून ती बंद आहे. या दोन वाक्यांत विसंगती आहे असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मला जे वाटतं ते बहुधा चुकीचं निघतं, म्हणून मी गप्प राहिलो.

याची सुरुवात महिनाभर आधी झाली. संस्थेच्या नियमावलीच्या तीन प्रती सापडल्या. एकीत कुत्र्यांना गच्चीवर बंदी होती, दुसरीत परवानगी होती, आणि तिसरीत कुत्र्यांच्या जागी भाडेकरू होते. खरी प्रत कोणती, हे सेक्रेटरींनाही सांगता येईना. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवालीला गाठलं. ती म्हणाली, आमच्याकडे शंभर माणसं एकाच प्रोग्रॅमवर काम करतात, तरी गोंधळ होत नाही. काय बदललं, कुणी आणि का, याची प्रत्येक वेळी नोंद राहते. याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सेक्रेटरींना त्यातला दुसरा शब्द फार आवडला. लगेच ठराव झाला की सर्व रहिवाशांनी व्हर्जन कंट्रोल शिकावे, आणि तेही प्रत्यक्ष सरावातून.

वर्ग तळमजल्यावरच्या टेबल टेनिसच्या खोलीत भरला. टेबलावरची जाळी काढायची राहून गेली होती, त्यामुळे आम्ही आपोआप दोन संघांत बसलो.

"हे बघा, मुख्य शाखा म्हणजे खरी प्रत," सॉफ्टवेअरवालीनं सांगितलं. "तिला थेट हात लावायचा नाही. आपापली शाखा काढायची, तिच्यात बदल करायचा, का केला ते लिहायचं आणि मंजुरीला पाठवायचं. मंजूर झालं की ते मुख्य शाखेत मिसळतं. सरावाला एखादी छोटीशी फाइल घेऊ."

छोटीशी फाइल त्या मंगळवारी आयती मिळाली. सेक्रेटरींनी सकाळीच सूचना लिहिली होती : 'लिफ्ट बंद आहे. जिना वापरा.' एकच ओळ. सेक्रेटरींनी नियम घातला की मुख्य शाखेत जे असेल तेच छापून प्रत्येक मजल्यावर लावायचं, आणि जे लावलं असेल तेच खरं धरायचं.

मी भीत भीत 'जिना'च्या आधी 'कृपया' घातलं. बदलाचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'सूचना किंचित रागावल्यासारखी वाटते. माझा गैरसमज असल्यास क्षमस्व.'

"काका, मस्त!" सॉफ्टवेअरवाली म्हणाली. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, पण मला मस्त कुणी म्हटलं नव्हतं. पुढं जे घडलं त्याला ही प्रस्तावना पुरेशी आहे.

पण त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी 'बंद'च्या आधी 'तात्पुरती' घातलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या हेडबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आहेत. त्यांनी 'रांगेत' घातलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी 'जिना' खोडून 'आरोग्यदायी जिना' केलं होतं. सगळ्यांचे बदल एकाच ओळीवर आदळले आणि यंत्र अडून बसलं.

"याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात," सॉफ्टवेअरवाली म्हणाली. "यंत्र विचारतंय, कुणाचं ठेवू?"

वीस वर्षांत या इमारतीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

"अर्थात माझं," हेडबाई म्हणाल्या. "शिस्त आधी."

"बाई, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता. तुमची रांग ती केवढी!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दातांचे डॉक्टर. जिन्याचा आणि दातांचा संबंध काय?"

"पडल्यावर कळेल."

एवढ्यात लिफ्टचा मेकॅनिक हात पुसत दारात आला. "झालं हो काम. दाराची पट्टी सरकली होती. पाच वेळा वर-खाली करून बघितलं. चालू आहे."

"लेखी नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"लेखी कशाला? बटण दाबा की."

"तुम्ही वर-खाली गेलात ते दुरुस्तीसाठी. त्याला वापर म्हणत नाहीत."

मेकॅनिकनं आमच्यापैकी एकेकाला नीट पाहून घेतलं आणि तो जिन्याशेजारच्या दारानं घाईघाईनं निघून गेला.

"अहो, चालू आहे ना? मग काढा तो कागद!" सॉफ्टवेअरवाली म्हणाली. "हा नुसता सराव आहे."

"मॅडम, थेट हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत," सेक्रेटरी दुखावल्या स्वरात म्हणाले. "आणि सराव थट्टेवारी नेला, तर उद्या खरं काम कसं होणार?"

तिनं कपाळ चोळलं. सगळं एकाच ओळीत आहे म्हणून भांडण होतंय, वेगवेगळ्या ओळींत असतं तर यंत्र अडलं नसतं, असं ती सहज बोलून गेली आणि तिचा फोन आला म्हणून वर गेली. तिच्यामागं ठराव झाला की एका शब्दाला एक ओळ द्यावी, आणि ज्यानं शब्द घातला तो त्या ओळीचा पालक. पालकाच्या मंजुरीशिवाय ओळ बदलणार नाही. संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर नवी सूचना लागली :

लिफ्ट
तात्पुरती
बंद
आहे.
कृपया
रांगेत
आरोग्यदायी
जिना
वापरा.

पार्सलवाला ती वाचत बराच वेळ उभा होता. "छान आहे," तो मला म्हणाला. "तुम्ही केली का? मी पण करतो कधी कधी."

'कृपया'चं पालकत्व माझ्याकडे आलं. 'बंद' कुणाचंच नव्हतं, पण ते 'तात्पुरती'ला चिकटून आहे म्हणून विमावाल्यांनी तेही मागून घेतलं.

मी पाच मजले चढून घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि पायरीला पाय लावायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"रविवारी ताई येणार आहे, आठवण आहे ना?" ती म्हणाली.

आठवण होती. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, माझ्या आकडसासूबाई. वय एक्क्याऐंशी. त्या कायमच्या लेकाकडे परदेशी निघाल्या होत्या. विमानतळावर जाताना रविवारी दहा वाजता तासभर आमच्याकडे येणार होत्या. ही खाली उतरू शकत नव्हती आणि त्या पाच मजले चढू शकत नव्हत्या. दोघी बहिणींची ही बहुधा शेवटची भेट, आणि मधे नऊ ओळींचा कागद.

"एक 'बंद'चं 'चालू' करायचंय ना? मग विमावाल्यांना फोन करा," ही म्हणाली.

मला फोनवर बोलायला जमत नाही. बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि मग फोन केला.

"अहो, लगेच मंजूर करतो," विमावाले म्हणाले. "पण माझा कॉम्प्युटर घरी आहे."

"आपण कुठं आहात?"

"जावयाकडे. लिफ्ट बंद आहे ना! चार मजले चढायला माझं हृदय काय रबराचं आहे? लिफ्ट चालू झाली की येतो, आणि आलो की चालू करतो."

"लिफ्ट तशी चालू आहे..."

"तसं वाचलं नाही मी कुठं."

"कुणाला वर पाठवून आपला कॉम्प्युटर..."

"माझ्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही."

पुढचं वाक्य मी कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून फोन ठेवला.

हिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ते येत नाहीत म्हणून लिफ्ट चालू होत नाही, आणि लिफ्ट चालू होत नाही म्हणून ते येत नाहीत."

"हो."

"आणि लिफ्ट चालू आहे."

"हो."

"अहो, आणि मग तुम्ही जिन्यानं का आलात?"

मी फोनसाठी लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

शनिवारी दुपारी मी मन घट्ट केलं. कॉम्प्युटर उघडला, स्वतःची शाखा काढली, तिसरी ओळ खोडली आणि तिथं 'चालू' लिहिलं. दुसरी ओळही काढावी लागली, कारण लिफ्ट तात्पुरती चालू आहे म्हटलं तर तिच्यात कुणी पाय ठेवला नसता. कारण लिहिलं, 'दोन बहिणींना भेटायचे आहे.' माझ्या शाखेत लिफ्ट चालू होती. तासभर मी त्या शाखेत सुखानं बसून राहिलो. मग मंजुरीला पाठवलं. सेक्रेटरींचं उत्तर पाच मिनिटांत आलं : 'ओळपालकाची संमती नाही. आपण आपल्या ओळीपुरते पाहावे.'

"आता ताईला खालूनच हात हलवून जायला सांगते," ही म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. प्लास्टर असताना असं पडायला फार कष्ट पडतात. ती तरीही तशीच पडून होती.

रविवारी समितीनं माणुसकीच्या दृष्टीनं वेगळी व्यवस्था केली. आकडसासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी वर न्यायचं ठरलं. कोणी कोणता पाय धरायचा यावर शाखा निघाल्या होत्या. मी साडेनऊलाच खाली निघालो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा शेजारून लिफ्ट वर गेल्याचा आवाज आला. बंद लिफ्ट वर जाणार नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दाराशी एक टॅक्सी उभी होती. तिच्यात ड्रायव्हर झोपला होता. आम्ही खुर्ची घेऊन सव्वादहापर्यंत थांबलो. माझा धीर सुटला. बाई आल्या असणार, सूचना वाचली असणार आणि परत फिरल्या असणार. हे हिला कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत मी पाच मजले चढलो.

दार उघडं होतं. दोघी बहिणी पलंगावर खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी हसत होत्या.

"कुठं होतात हो?" आकडसासूबाईंनी विचारलं.

"आपण... कशा आलात?"

"कशा म्हणजे? लिफ्टनं."

"आणि सूचना?"

"कसली सूचना? चष्मा पर्समध्ये होता."

एवढ्यात धापा टाकत सेक्रेटरी, हेडबाई, डॉक्टर आणि रिकामी खुर्ची वर आली.

"हा मंजुरीशिवाय झालेला बदल आहे," सेक्रेटरी श्वास सावरत म्हणाले. "बाईंना पूर्ववत करावं लागेल. म्हणजे तळमजल्यावर."

"न्या की," आकडसासूबाई म्हणाल्या. "तासाभरानं मला जायचंच आहे."

"पण लिफ्टनं नेता येणार नाही. ती बंद आहे."

"मग मी इथंच राहते. विमान जाऊ दे."

यावर हेडबाईंनी बैठक बोलावण्याची सूचना केली. बैठक आमच्याच स्वयंपाकघरात भरली आणि पाऊण तास चालली. बाहेरच्या खोलीत दोघी बहिणी लहानपणच्या कुणाची तरी नक्कल करून हसत होत्या. अकरा वाजता आकडसासूबाईंनी पर्स उचलली. हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका पायावर उड्या मारत लिफ्टपर्यंत गेली.

"ताईला टॅक्सीत बसवून येते," ती म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा ती दाराबाहेर पडली होती.

लिफ्ट आली. दोघी आत गेल्या. हिनं दार धरून ठेवलं. "अहो, येताय ना? जागा आहे."

मी लिफ्टकडे पाहिलं. मग शेजारच्या कागदाकडे पाहिलं. पाचव्या ओळीवर माझा शब्द होता, आणि त्याला मस्त म्हटलं गेलं होतं.

दार बंद झालं. मी, सेक्रेटरी, हेडबाई, डॉक्टर आणि खुर्ची जिन्यानं धावत खाली उतरलो.

त्यानंतर मी पाहत आलो आहे. आमच्या लिफ्टनं चष्मा विसरलेली माणसं जातात, शाळेत न घातलेली मुलं जातात, गच्चीवर बंदी असलेली कुत्री जातात, आणि रोज संध्याकाळी ही जाते. वाचणारे सगळे जिन्यानं जातात.

तुम्ही आम्हाला हसत असाल. पण इथवर वाचत आलात, म्हणजे तुमचा मार्ग ठरलेलाच आहे. कधी आलात तर मी पाचव्या मजल्यावर असतो. तिसऱ्यावर दम घ्यायला ती खुर्ची ठेवली आहे. सूचनेत आता तसं लिहिलंही आहे. ती दहावी ओळ माझीच.