सात पाण्यांचं सोनं

याकूबभाईंच्या खोलीत शिरण्याआधी शिंकून घ्यावं लागतं. शिंक येत नसली तरी. दाराबाहेर त्यासाठी एक स्टूल ठेवलेलं आहे आणि शेजारच्या कोनाड्यात मिरपुडीची डबी. चिमूटभर हुंगायची, असतील नसतील त्या शिंका बाहेरच संपवायच्या, नाक पुसायचं आणि मग दार लोटायचं. आत एसी बंद, पंखा काढून टाकलेला, खिडकीच्या फटींना टेप. आणि हे जेद्दाच्या ऑगस्टमध्ये.

"सोन्याचा वर्ख म्हणजे पाखरू असतं, बाय," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. "तुझ्या एका शिंकेनं ते लाल समुद्रावर जाऊन बसेल. मग मुदीरला काय सांगशील?"

मुदीर म्हणजे आमचे व्यवस्थापक. मालक म्हणजे एका जुन्या, बड्या घराण्यातले शेखसाहेब. त्यांना हाताने लिहिलेल्या पुस्तकांचं वेड. म्हणून बंगल्याच्या मागच्या बाजूला त्यांनी एक कार्यशाळाच उभी केली आहे. एक सीरियन कातिब बोरूने मजकूर लिहितात. त्या मजकुराभोवती याकूबभाई सोन्याची वेलबुट्टी काढतात. कागद, रंग, डिंक, किल्ल्या आणि नोंदवह्या माझ्याकडे. मी मूळची नाशिकची, लग्नाआधी औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि घरी बसायचा कंटाळा येतो म्हणून ही नोकरी धरली. कलेतलं मला काही कळत नाही. कपाटाला कुलूप आहे की नाही, ते कळतं.

याकूबभाई दापोलीकडचे. बाविसाव्या वर्षी जेद्दाच्या शराफिया भागात दुकानांच्या पाट्या रंगवायला आले. पाटीवरचं अक्षर बघून एका म्हाताऱ्या तुर्की उस्तादाने त्यांना उचललं आणि ही विद्या शिकवली. आता त्रेसष्ट वय. अंगाने काडी, भुवया मात्र दोन माणसांच्या. ब्रश टेकवण्याआधी ते मान वर न करता फक्त म्हणतात, "बाय, श्वास!" की खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. एकदा खुद्द शेखसाहेब आत होते. त्यांनीही रोखला. लालबुंद झाले, पण हूं की चूं केलं नाही.

त्यांचा दुसरा हट्ट सात पाण्यांचा. सोन्याचा रंग करायचा तर वर्ख मधात घालून चिनी मातीच्या बशीत बोटाने तासन्‌तास घोटतात. मग कोमट पाणी घालायचं, सोनं तळाशी बसू द्यायचं, वरचं गोड पाणी ओतून टाकायचं. असं याकूबभाई सात वेळा करतात. एकेका पाण्याला पाऊण तास. सहा नाही, आठ नाही. नोंदवहीत तसा रकानाच त्यांनी माझ्याकडून आखून घेतला होता.

यंदाचं पुस्तक शेखसाहेबांच्या आईचं होतं. म्हातारी दूर उत्तरेकडे हाइलला राहते. आयुष्यभर तोंडाने कविता रचल्या, एक ओळ कधी कागदावर उतरवली नाही. मुलाने त्या कातिबांकडून लिहून घेतल्या. गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजानंतर अम्मा जेद्दाला येणार आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवायचं, असं ठरलं होतं. फक्त पहिलं पान उरलं होतं.

त्याच आठवड्यात रविवारी कुणीतरी एका पानाचा फोटो स्टेटसला टाकला. मुदीर पेटले. सगळ्यांचे फोन माझ्या लोखंडी कपाटात. मी पिशवी घेऊन फिरले. याकूबभाईंचा फोन डिंकाच्या बरणीला टेकून कायम उभा असायचा, आवाज बंद. मला वाटायचं, क्रिकेट बघतात.

"बाय, माझा तेवढा राहू दे."

"का?"

"मोजायला लागतो."

"काय मोजायला?"

"पाणी."

"याकूबभाई, सातपर्यंत बालवाडीतली पोरं मोजतात," म्हणत मी फोन उचलला. नियम म्हणजे नियम. त्यांनी पुन्हा मागितला नाही. रिकाम्या जागेकडे मात्र बघत राहिले.

बुधवारी सकाळी पहिल्या पानावर मुंग्या होत्या.

सोनेरी चौकटीवरून एका रांगेत चालल्या होत्या. कोपऱ्यावर वळत होत्या, फुलापाशी थांबत होत्या. जणू वेलबुट्टी त्यांच्या येण्याजाण्यासाठीच काढली होती. सोन्यात मध राहिला होता. सोन्याच्या कामाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. याकूबभाई पानासमोर उभे होते आणि त्यांच्या हातातला ब्रश खाली आला होता.

"किती पाणी दिलं होतंत?" मी विचारलं.

"दोन की तीन. आठवत नाही. लक्ष सारखं त्या बरणीकडे जात होतं."

तेवढ्यात मागून मुदीर आले. न शिंकता. त्यांनी पान पाहिलं, मुंग्या पाहिल्या आणि हिंदीत मला म्हणाले, कारण वाईट बातमी ते नेहमी मलाच देतात, "मॅडम, याचा राहण्याचा इकामा महिनाअखेर संपतोय ना? कागद माझ्या टेबलावर आहे. उद्या असरपर्यंत पान तयार नसेल, तर सही नाही. एक्झिट. खलास. सोनं छापणारं मशीन आलंय बाजारात. ते मध खात नाही."

मुदीर गेले. ओल्या कापसाच्या वातीने याकूबभाई चौकटीवरचं सोनं टिपू लागले. कागदाला सुरकुती पडली तर पानच गेलं, आणि त्या पानावर कातिबांचे तीन आठवडे होते. दिवसभर ते वात फिरवत राहिले. संध्याकाळी नवा वर्ख मधात घोटायला घेतला.

गुरुवारी सकाळी सहाला मी पोचले, तेव्हा बशी तयार होती.

"बाय, फोन."

"नियम आहे."

"ठाऊक आहे."

फोन नसल्याने मुंग्या येतात, हे माझ्या रसायनशास्त्रात कुठे बसत नव्हतं. पण रविवारपासून माणूस मोजायला चुकत होता, हे समोर दिसत होतं. आणि ज्याने काम होतं ते करावं, हा माझाही नियम आहे. मी कपाट उघडलं.

फोन बरणीला टेकला. पडद्यावर कोकणातली एक पडवी आली आणि खाटेवर उशांना टेकून बसलेली एक बाई. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, डावा हात उशीवर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"हलिमा," याकूबभाई म्हणाले. एवढंच. कोण, काय, मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मागून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, "चार दिवस कुठे होता, भाई? तुमची बायको रुसलीय. हात उचलायला तयार नाही."

पहिलं पाणी घातलं. सोनं तळाशी बसलं, तसं याकूबभाईंनी बशी फोनसमोर धरली. बाईंनी बशी निरखून पाहिली आणि उजव्या हाताचा अंगठा वर केला. मगच पाणी ओतलं गेलं. दुसऱ्याला तर्जनी. असं पाचापर्यंत. पाचव्या पाण्याला सव्वादहा वाजले होते.

सहावं पाणी निवळलं. बशी समोर धरली. बाई डाव्या हाताकडे बघू लागल्या. हात हलला नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"याकूबभाई, थांबा आता इथेच," मी हळूच म्हटलं. "खरं सांगा, किती पाण्यांत होतं?"

"चारात."

"मग सात कशाला?"

"पाच तिच्या उजव्या हाताची, बाय. ती होतातच. पुढची दोन डाव्या हाताची." त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. "डॉक्टर म्हणाले, त्या हाताला काम द्या. नुसता व्यायाम सांगितला तर ती करत नाही. सोनं खराब होईल म्हटलं, की करते."

"त्यापेक्षा घरीच जा ना. तिच्याजवळ."

"गेलो होतो. दोन महिने. जेवण मी भरवत होतो, केस मी विंचरत होतो. बोट हललं नाही. जवळ असलो की सगळं मीच करून टाकतो. आणि फिजिओवाली बाई काय फुकट येते?"

दारावर थाप पडली. "यल्ला, यल्ला! दार उघडा!" मुदीर.

मी बाहेर गेले आणि दार मागे ओढून घेतलं.

"काय चाललंय? पान कुठे आहे?"

"सोनं उघडं आहे. आधी शिंकून घ्या," मी म्हटलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मी मुदीर आहे!"

"शेखसाहेबसुद्धा शिंकतात. वर्ख उडाला तर त्यांना कुणी सांगायचं, तुम्ही का मी?"

ते बसले. मी डबी पुढे केली आणि चिमूट माझ्या हाताने दिली, जरा मोठीच. पहिल्या पाच शिंकांनंतर मी आत आले आणि कडी लावली. बाहेर शिंका चालूच होत्या.

आत याकूबभाई तसेच बशी धरून उभे होते. घाम हनुवटीवरून टपकत होता, तो बशीत पडू नये म्हणून त्यांनी मान वाकडी केली होती. पडद्यावर बाईंचं कपाळ आक्रसलं होतं. डाव्या हाताचा अंगठा उशीवरून सुटू बघत होता.

"बाय, श्वास," याकूबभाई पुटपुटले.

तो मी कधीच रोखला होता.

अंगठा उठला. पूर्ण नाही, पण उशी आणि अंगठा यांच्यामध्ये उजेड दिसला. याकूबभाईंनी पाणी ओतलं. लगेच नवं कोमट पाणी घातलं, कारण सातवं बाकी होतं.

सातव्याला दुपारचा एक वाजला. मुदीर आणखी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा स्टूल बघून मागे फिरले. मग याकूबभाईंनी जो ब्रश उचलला, तो अडीच तासांनी ठेवला. अकीकाच्या दगडाने सोनं घासून चमकवलं. असरची अजान झाली तेव्हा पान वाळत होतं. मुंगी एकही नव्हती. मी भिंगाने पाहिलं.

अम्मांनी पुस्तक मांडीवर घेतलं. वाचता येत नाही त्यांना. चौकटीवर हात न लावता त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मुलाला म्हणाल्या, "हे घाईत केलेलं नाही." मुदीरांचं नाक अजून लाल होतं. रविवारी त्यांनी कागदावर सही केली. फोनचा नियम कायम राहिला. एक फोन डिंकाच्या बरणीमागे असतो, हे मी यादीत घातलेलं नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी याकूबभाई माझ्या टेबलाशी आले. न बोलवता ते कधी येत नाहीत.

"बाय, वहीत लिही. आजपासून सोनं आठ पाण्यांनी धुवायचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन माणसांच्या भुवया जागेवर राहत नव्हत्या.

मी 'सात' खोडलं, 'आठ' लिहिलं. पुढे कारणाचा रकाना होता. तो रिकामा ठेवलेला मला चालत नाही.

'मुंग्या,' असं मी लिहिलं.