तीन तंगड्यांची कोंबडी

"अहो, ही तर अख्खी आहे!" रजनीताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, तेव्हा अण्णासाहेब वर्तमानपत्रामागे आणखी थोडे सरकले.

ओट्यावरच्या परातीत कोंबडी उताणी पडली होती. पिसं काढलेली, जाळावर भाजलेली, हळद चोळलेली, आणि अख्खी. शेजारच्या म्हसूने आखाडाची भेट म्हणून ती सकाळी आणून दिली आणि तो मेंढरं घेऊन डोंगराकडे निघूनही गेला. तो कापून देईल असं रजनीताईंनी गृहीत धरलं होतं. पुण्यात उभा जन्म गेला, पण कोंबडी पाहिली ती दुकानदाराने तुकडे करून पिशवीत घातलेली. इथे कोळवणात घर बांधून जेमतेम वर्ष झालं होतं. ही गोष्ट दोन हजार दोन सालची. तेव्हा चिकनचं दुकान म्हणजे थेट पौडला.

"तुम्ही कापता का?"

"मी? मला रक्त बघवत नाही."

"रक्त नाहीये हिच्यात."

"मग मला कल्पना करवत नाही."

दुपारी दोन्ही जावई जेवायला येणार होते. जावयाच्या पानात तंगडी पडलीच पाहिजे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणाला मोडता येत नाही. जावई दोन, तंगड्या दोन. हिशेब चोख होता.

रजनीताईंनी एकतीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं. बेडूक फाडून दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी पदर खोचला, कोंबडीचे हातपाय नीट पसरले आणि धारदार सुरीने पोटावर मधोमध एक सरळ, बारीक रेघ ओढली.

"बाई, कापताय का तपासताय तिला?"

मागच्या दारात म्हसूची बायको सुंदरा उभी होती.

"बरी आलीस! ये, तूच काप."

"न्हाई बाई. गळ्यात माळ हाय माझ्या. हात न्हाई लावायची."

"मग निदान सांग तरी."

"सांगते की. माळ गळ्यात हाय, तोंडाला कुटं हाय?" सुंदराने उंबऱ्याबाहेर बैठक मारली. "ती सुरी ठिवा. नारळाचा कोयता घ्या."

रजनीताईंनी कोयता घेतला, डोळे मिटले आणि पायावर दाणकन हाणला. पायाचे तीन तुकडे झाले. त्यातला एक फ्रिजखाली गेला.

"अवो, हाडावर कशापायी मारताय? त्ये काय तुमचं वैरी हाय? सांधा हुडका. बोट फिरवा. पाय मागं मोडा. कट्ट वाजलं की तितं कोयता नुसता टेकवायचा."

रजनीताईंनी बोट फिरवलं. एकतीस वर्षं त्यांनी हा सांधा फळ्यावर काढला होता, पण गाठ आज पडत होती. कट्ट वाजलं. दुसरी तंगडी वाट बघत असल्यासारखी अलगद सुटून हातात आली.

"सुंदरा, निघाली!"

"निघनारच. बाळंतीन हाय का अडायला?"

तेवढ्यात फोन वाजला. पौडहून धाकटी क्षितिजा बोलत होती. "आई, आम्ही अर्ध्या तासात येतोय. आणि ऐक, बाबाही आलेत बरोबर. आज सगळं नीट होऊ दे गं."

बाबा म्हणजे तिचे सासरे, हैबतराव. एसटीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या भरघोस मिशांचे. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात त्यांनी पानातली तंगडी तशीच ठेवून हात धुतले होते. का, ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर आठ महिने ते या घरी फिरकले नाहीत आणि क्षितिजा सासरी पाऊल जपून टाकत होती. आज ते आपण होऊन येत होते.

मानाची पानं तीन, तंगडी एक.

"फ्रिजखाली जी आहे..." अण्णासाहेबांनी सुरुवात केली.

"तुम्ही पेपर वाचा."

रजनीताई कोंबडीकडे बघत राहिल्या. पक्ष्याचे पंख हे त्याचे पुढचे पायच होत, हे वाक्य त्यांनी दरवर्षी वर्गाला लिहून घ्यायला लावलं होतं.

"सुंदरा," त्या हळूच म्हणाल्या, "हिला चार पाय आहेत."

"बाई, जरा टेका. पानी प्या."

पण रजनीताई आता थांबणार नव्हत्या. खांद्याचा सांधा हुडकला. कट्ट. पंखाचं वरचं हाड सोडवलं, मांस सोलत वर ढकललं, एका टोकाला त्याचा गुबगुबीत गोळा केला. दुसऱ्या पंखाचंही तेच. शिल्लक तंगडीची मांडी छाटून तीही त्याच मापाची केली. परातीत तिन्ही ओळीने मांडल्यावर खरी कोणती, ते त्यांनाही चटकन ओळखू येईना.

सुंदरा उंबऱ्यावरून वाकून बघत राहिली. "तीन पायांची कोंबडी! बाई, गावात दावू नका. लोक नारळ फोडतील."

रस्सा झाला. खरी तंगडी पातेल्याच्या उजव्या कडेला ठेवून रजनीताईंनी अण्णासाहेबांना बजावलं, "उजवीकडची व्याह्यांना." अण्णासाहेबांनी मान डोलावली आणि वाढायला बाहेर जाताना पातेलं फिरवून धरलं. खरी तंगडी पडली थोरल्या जावयाच्या, ऋषिकेशच्या पानात. त्याला बटाटा वाढला असता तरी त्याने तो तंगडी म्हणून खाल्ला असता.

हैबतरावांनी हाड बोटांत धरलं. उलटंसुलटं करून पाहिलं. क्षितिजाचा हात भाकरीवरच थांबला. स्वयंपाकघराच्या दारातून रजनीताई टाचा उंचावून बघू लागल्या.

हैबतरावांनी घास तोडला. मग दुसरा. मग हाड चोखून पांढरंशुभ्र केलं, रस्सा पुन्हा मागितला, आणि तिसरी भाकरी स्वतःच उचलून घेतली.

मोरीशी त्यांच्या हातावर पाणी घालताना रजनीताई मनातून फुलल्या होत्या. हैबतराव मिशा पुसत म्हणाले, "विहीणबाई, पंख होता तो."

रजनीताईंनी तांब्या खाली ठेवला. "व्याहीबुवा, अहो, त्याचं असं झालं..."

"लहानपणापासनं मला पंखच आवडतो. पण मिशी फुटली आणि जाईन तिथं लोक मान म्हणून तंगडी वाढायला लागले. किती खायच्या माणसानं? मागल्या खेपेला अगदीच नको झालं, तशीच ठेवली."

"मग सांगायचंत तरी!"

"चारचौघांत व्याह्यानं पंख मागायचा?" हैबतरावांनी बैठकीच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पुढल्या बारीलाही हाच करा. फक्त वाढताना तंगडी म्हणा. जरा मोठ्यानं."

पुढच्या आखाडात म्हसू कोंबडी घेऊन आला आणि "कापून देऊ का?" म्हणाला. रजनीताईंनी त्याला कोयत्याला हातसुद्धा लावू दिला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घरात शिजलेल्या प्रत्येक कोंबडीला तीन तंगड्या असत. हैबतरावांच्या पानाशी येऊन अण्णासाहेब अशा खणखणीत आवाजात "तंगडी!" म्हणत, की उंबऱ्याबाहेर बसलेली सुंदरा तोंडात पदर कोंबून हसत असे.