हिंगाच्या डबीची चौकी बसली त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा तारक. जे कानी आले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, वैशाखमासी महामारीने पृथ्वीवर अंमल बसविला आणि गावोगाव नाकेबंदी जाहली. ते समयी एके मुलखी मसाल्याचे संस्थान होते. मिरची कांडणे, धने भाजणे, हिंग कुटणे हाच तेथील राज्यकारभार. धनी आबासाहेब, पदरी माणसे थोडकी, आणि त्यांसी रोजमुरा सरकारने ठरविला तितकाच किमान, वरती कवडी नाही. खाण्याचा जिन्नस म्हणोन संस्थान चालविण्याची परवानगी हुजुरातून आली, आणि मागोमाग हुकूम आला की, जो आजारी पडेल त्यास घरी बसवावे व रोजमुरा द्यावा. हे ऐकोन धन्यांचे चित्त पालटले. बसल्या जागी पगार मिळतो तर आजारी कोण पडणार नाही, हा संशय मनी शिरला. मिरचीचे खोलीत खोकणे-शिंकणे नित्याचेच. आता कोणी खोकला की धन्यांनी म्हणावे, हे सोंग. आणि कोणी न खोकला तर म्हणावे, हा दडवितो. मग कारभारी सखोपंत यांसी बोलावून फर्माविले की, "या रोगात वास जातो म्हणतात. दरवाज्यात हिंगाची डबी मांडा. वास न येईल त्यास घालवा. रोजमुरा दवाखान्याचा दाखला आणील त्यासच." दवाखाने तुडुंब भरले होते आणि दाखला कोणास मिळत नव्हता, हे धनी जाणोन होते.

दुसरे दिवशी चौकी बसली आणि हिंगाचे खोलीची मुकादमीण हौसाबाई आपल्या बायका घेऊन आली. धन्यांनी लांबूनच पुसिले, "वास येतो?"

"कशाचा?"

"हिंगाचा!"

"न्हाई बा." मागल्या बायकाही म्हणाल्या, "आमाला बी न्हाई."

"कट आहे हा! घरून ठरवून आलात!"

"धनी, बारा म्हैनं हिंगात बसवलं, आन् आता नाकाला जाब इचारता व्हय? घरला गेलो तर म्हशी बी तोंड फिरवत्यात."

सखोपंत हळूच वदले, "सरकार, नाक सवयीने मेले आहे. अत्तर हुंगवून पाहावे."

"तुम्ही यांचे वकील कधी जाहलात?" ऐसे म्हणोन धन्यांनी बायकांस बाहेर काढिले.

"दाखला कुठनं आनू?" हौसाबाई दरवाज्यातून ओरडली. "आन् तंवर पोरांस्नी काय हिंग चाटवू?"

मग हिंगाची खोली ओस पडली, आणि हिंगाविना मसाला पुरा होईना, आणि व्यापारी तगादे लावू लागले. तेव्हा धनी नाइलाजे अत्तरास राजी जाहले आणि बायकांस बोलाविले. परंतु पंतांनी बायकांस सामील होऊन अत्तराचे बाटलीत पाणी घातले असेल, ऐसा वहीम येऊन प्रथम स्वतःच मुखपट्टी सारून हुंगिले. काहीच येईना. गर्जोन म्हणाले, "पंत, शेवटी पाणीच घातलेत ना?"

पंत दोन पावले मागे सरले. "सरकार, मोगरा आहे. येथवर दरवळतो."

"आमाला बी येतोय की हितं!" बायका फाटकापासोन म्हणाल्या.

"धनी," हौसाबाई म्हणाली, "तुमचा दाखला कुठाय?"

ते दिवशीच धन्यांस ज्वर भरला. आचारी पळाला, आणि कुटुंब परमुलखी अडकलेले, म्हणोन धनी माडीवर एकटेच कोंडून राहिले. तेथेही संशय सुटेना. बायका हुजुरात जाऊन सांगतील की आम्हांस घालविले आणि रोगी धनीच निघाला, या धास्तीने पंतांस निरोप धाडिला की, घालविलेल्या दिवसांचा रोजमुरा सर्वांस द्यावा, दाखला मागू नये, आणि कामावर घ्यावे. हे औदार्य नव्हे. तथापि रोजमुरा घरोघर पोहोचला.

मग हौसाबाईने तांदळाची पेज करून जिन्याचे पायरीवर ठेविली आणि खालून हाक दिली, "धनी, गरम हाय तंवर घ्या." धन्यांनी झाकण उघडिले आणि पुन्हा लाविले. रोजमुरा मिळाल्यावर ही पेज कशासाठी, यात काय कालविले असेल, ऐसा विचार करीत दोन प्रहर बसले. पेज थंड जाहली. मग भूक अनावर जाहली आणि भांडे तोंडास लाविले.

तात्पर्य, धन्यांचा संशय अखेरपर्यंत फिटला नाही. पेज मात्र तळापर्यंत संपली, आणि रिकामे भांडे त्यांनी स्वहस्ते धुवोन पायरीवर ठेविले. इति.