जयाच्या रडण्याचा क्रमांक

सगळ्या कीबोर्डांतून सनई सनईसारखीच वाजावी, ही गोष्ट चांगलीच आहे. मी दुसरीतून शाळा सोडली, तरी मला ती पटते. आमच्या तांड्यातला पूनमसिंग जुन्या कीबोर्डवर सनईची धून फ्लॉपीत भरून मारेगावला न्यायचा, आणि तिथल्या कीबोर्डातून ती तुतारी होऊन निघायची. पुढे त्यानं नवा घेतला आणि कटकट मिटली. कंपन्यांनी म्हणे एकत्र बसून आवाजांना क्रमांक ठरवून दिले आहेत. एकशेबारा म्हणजे सनई. आमच्या बोरी अरब गावालाही आणि जपानातही.

कंपन्या यंत्रांपुरत्या थांबल्या. आमचा तालुका थांबला नाही. त्यानं ध्वनी-सुसंगती कक्ष उघडला.

नात जयाच्या लग्नात नंगारा वाजवायची परवानगी काढायला मी तिथं गेले. तिथल्या सदाशिवराव साहेबांनी क्रमांकांच्या यादीवरून बोट फिरवलं.

"नंगारा यादीत नाही, बाई. म्हणजे ते वाद्य नाही."

"मंग यादीत हाय तरी काय?"

"हे बघा, एकशेसव्वीस. हेलिकॉप्टर."

"वरातीत हेलिकॉप्टर चालते?"

"प्रमाणित आहे. बंदुकीची गोळीसुद्धा आहे, पाहिजे तर लिहून देतो."

नंगारा मी सोडला. पण साहेब पाठवणीवर आले. आमच्यात नवरी निघताना माणसामाणसाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडत म्हणायचं गाणं ते, ज्याचं त्यानं रचायचं. जया मला आधीच म्हणाली होती, "दादी, मले दागिना नको. तुह्या गळ्यात पडून ढावलो म्हनू दे, बस."

"प्रत्येक नवरी वेगळी रडली तर सुसंगती कशी राहणार?" साहेब कळवळून म्हणाले. "चौपन्न लावा. माणसाचा 'ऊ' आहे."

"साहेब, पोरगी माह्या गळ्यात पडनार हाय, कीबोर्डाच्या नाही."

"गळ्यात पडायला हरकत नाही. आवाज मात्र यादीतला पाहिजे."

लग्नाला साहेब पहिल्या खुर्चीत बसले. पाठवणीला पूनमसिंगनं खाली मान घालून चौपन्न दाबला. काय ते रडणं! नाक वाहत नाही, दम लागत नाही, हुंदका अडत नाही. मांडव हळहळला. साहेबांनी रुमाल काढला.

तेवढ्यात जया माझ्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केला. आवाज फाटला, ओळ विसरली, पुन्हा पहिल्यापासून धरली. लोक वळून बघायला लागले. तिचा सासरा जवळ आला.

"आजी, नातीले जरा चूप करा ना. रडनं ऐकू येऊन नाही राह्यलं."

"तुमाले कायले ऐकू याव? तुमच्यासाठी थोडीच हाय," मी म्हणाले आणि पदराखाली तिचं डोकं घेतलं. उरलेला ढावलो तिनं माझ्या कानात म्हटला.

मांडवातल्या लोकांनी व्हिडिओ काढला, त्यात फक्त चौपन्न आला आहे. तो तालुकाभर फिरला, तुमच्याही फोनवर आला असेल, तुम्ही डोळे पुसून पुढे चार जणांना पाठवलाही असेल. जया सासरहून विचारते, "दादी, लोक कोनासाठी रडले व?"

मी काय सांगू? रडलात तुम्ही, तर तुम्हीच सांगा.