प्लेट की हाड?

चौऱ्याऐंशी साली रूपरावांच्या कमरेचे दोन मणके झिजले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एकात स्टीलच्या प्लेटा लावून मणके स्क्रूने आवळायचे; पेशंट पंधरा दिवसांत उभा. दुसऱ्यात खुब्याच्या हाडाचे तुकडे काढून मणक्यांमध्ये भरायचे. मग प्लास्टर घालून तीन महिने अंथरुणात. "आठ दिवसांत ठरवून सांगा," डॉक्टर म्हणाले. चुकीचं ठरवलं तर आपण कायमचे खाटेला खिळणार, या भीतीने रूपरावांची झोप उडाली. अर्थातच त्यांच्या बायकोचीही, शकुंतलाबाईंचीही.

त्यांच्या गावात, अल्लीपुरात, सल्ल्याला कधी तोटा नव्हता. ओसरीवर रोज माणसं जमत, चहा पीत आणि रूपराव गेल्यातच जमा आहेत असं त्यांच्यासमोर बोलत. शकुंतलाबाई नवऱ्याला बखोटीला धरून उठवत, बसवत, पुन्हा चहा ठेवत.

सातव्या दिवशी प्रेमदास सुतार वैतागला. "बोलून काय होते? करूनच पाहू न!"

त्याने दोन मोडकी स्टुलं आणली. एकाचा पाय पट्टी मारून स्क्रूने आवळला, दुसऱ्याचा आत लाकूड भरून सरसाने चिकटवला. "बसा रूपरावभाऊ. वजन तुमचंच पायजे."

रूपराव पहिल्यावर बसले. किडक्या लाकडातून स्क्रू निसटले आणि ते खाली आले. शकुंतलाबाईंनी त्यांना उचललं.

"म्हणजे हाडच बरं," प्रेमदास म्हणाला.

रूपराव दुसऱ्यावर बसले आणि पुन्हा खाली आले. सरस ओलाच होता.

"याले तीन महिने ठेवा लागत होतं," प्रेमदासने कबूल केलं.

शकुंतलाबाई पुन्हा उचलायला वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांचे फोटो काढले. दोनदा पडूनही रूपरावांचे मणके होते तसेच होते. "तुमचं ऑपरेशन थांबू शकतं, सध्या पट्टा पुरे. बाईंचा मणका मात्र पार घसरलाय, ऑपरेशन लागेल. किती वर्षांपासून दुखतंय?"

"पाच-सहा वर्सं झाली असन."

"मंग बोलली काऊन नाई?" रूपराव ओरडले.

"तुमची कंबर दुखत होती न. एका घरात किती जणांची दुखावी?"

रूपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घर डोळ्यांसमोर येताच ते घाईने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिले प्लेटच लावा. पंधरा दिवसांत उभी राहीन."

"बाई, तुमचं काय मत?"

"तीन महिने झोपून राहा लागते, तो कोणता?"

"हाडाचा. पण उठायचं नाही, वाकायचं नाही. सगळं दुसऱ्याने हातात आणून द्यायचं."

"मंग तोच करा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

कागदावर सही करता करता रूपरावांनी बायकोला हळूच विचारलं, "चहात आधी पत्ती टाकते का साखर?"